मागास कोणाला म्हणायचं?

शाळेच्या पुस्तकात माणसाची गोष्ट एका रांगेत सांगितलेली असते. आधी शिकारी, मग गुराखी, मग शेतकरी, मग गिरण्या-कारखाने आणि शेवटी संगणक. चित्रातला माणूस प्रत्येक चौकटीत जरा अधिक ताठ उभा असतो. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. तोच विद्यार्थी पुढे तलाठी होतो, वनखात्यात लागतो, वर्तमानपत्रात लिहू लागतो, निवडून येतो. आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात म्हशी राखणारा गवळी धनगर समोर आला की त्याला माणूस दिसायच्या आधी खाली राहिलेली पायरी दिसते. मग त्याला त्या पायरीवरून ओढून वर काढणं हे पुण्याचं काम वाटू लागतं, त्यात त्याचं रान गेलं तरी.

मला हे चित्रच चुकीचं वाटतं. अवजारं आणि पोट भरण्याच्या रीती बदलल्या तसे समाज बदलले, यात वाद नाही. पण ते शिडी चढत वर आले नाहीत. त्या त्या जमिनीला, पावसाला आणि हाती असलेल्या अवजाराला माणसांनी जी उत्तरं शोधली ती या रीती. उत्तर बदललं की कष्ट कोणाच्या अंगावर आणि रास कोणाच्या घरात, हे नव्याने ठरतं. आणि ते अवजार ठरवत नाही, माणसं ठरवतात.

बेळगाव जिल्ह्यात हे पाहायला फार हिंडावं लागत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून दोनशे किलोमीटरच्या आत अथणीचा माळ आहे, तिथे पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. या दोन टोकांमध्ये खानापूरचं भात आणि नाचणी, बेळगावभोवतीच्या तांबड्या मातीतली रताळी आणि बटाटे, बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानातला शाळू आणि हरभरा, घटप्रभेच्या कालव्याखालचा ऊस, रायबागकडची मेंढरं. उद्यमबागेत लोखंड ओतलं जातं, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग घडतात. हे सगळं एकाच तारखेला, एकाच जिल्ह्यात चालू असतं. म्हशीमागे चालणारा माणूस आणि संगणकावर चालणाऱ्या लेथपुढे उभा असलेला माणूस एकाच काळात जगत आहेत. त्यातला कोणी दुसऱ्याचा भूतकाळ नाही.

शिडीची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ साली रानटी, बर्बर आणि सुसंस्कृत अशा तीन अवस्था मांडल्या. मार्क्स-एंगेल्सनी त्या उचलल्या आणि वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना तर त्या सोयीच्याच होत्या. विसाव्या शतकात गेरहार्ड लेन्स्की या समाजशास्त्रज्ञाने तंत्रज्ञानाच्या पायावर समाजांची विभागणी केली : शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, कुदळीने शेती करणारे, नांगराने शेती करणारे, यंत्रांवर चालणारे. लेन्स्कींचा एक मुद्दा मला मोलाचा वाटतो. पोटाला लागेल त्याहून जास्त पिकू लागलं की त्या शिलकेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न उभा राहतो, आणि समाजातली विषमता त्यातून वाढते. शिडीवर विश्वास ठेवणारे मात्र हा भाग गाळून फक्त 'प्रगती' तेवढी घेतात.

आता आपल्याच नद्यांकडे पाहू. १८६३ साली मद्रासजवळच्या पल्लावरमला दगडी हत्यार ओळखणारे रॉबर्ट ब्रूस फूट पुढे भूगर्भशास्त्राच्या कामासाठी दक्षिण महाराष्ट्र म्हणवल्या जाणाऱ्या या मुलखात आले आणि मलप्रभेच्या खोऱ्यात त्यांना अश्मयुगीन हत्यारं सापडली. पुढे डेक्कन कॉलेजच्या र. वि. जोशींनी या खोऱ्याचा कसून अभ्यास केला. आपली मानवजात उदयाला आली त्याला सुमारे तीन लाख वर्षं झाली. शेतीला जेमतेम अकरा-बारा हजार. म्हणजे माणूस जितका काळ पृथ्वीवर आहे त्यातला जवळजवळ सगळा काळ त्याने शेतीशिवाय काढला, आणि तो काळ नुसत्या उपासमारीचा नव्हता. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे इथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी कोरीव दगडी खांबांची प्रचंड मंडळं उभारली गेली. ती उभारणारे लोक शिकारी होते. मोठं काम एकत्र येऊन करायला आधी नांगर लागतो, राजा लागतो, हे त्या खांबांनी खोटं पाडलं.

दक्षिणेत शेती आली ती गुरांच्या पावलांनी. बळ्ळारी-रायचूरकडे, यादगीरच्या बुदिहाळला राखेचे मोठाले ढीग आहेत. चार-पाच हजार वर्षांपूर्वी गुरं कोंडून साठलेलं शेण जाळल्याचे ते अवशेष. त्या लोकांनी जी पिकं घेतली त्यात मूग होता आणि हुलगा होता. हुलगा दक्षिण भारतात माणसाने माणसाळवलेल्या पिकांपैकी एक. आज हुलग्याचं माडगं गरिबाचं किंवा आजाऱ्याचं म्हणून बाजूला सारलं जातं. माझ्या मते या भूमीने जगाला दिलेल्या अन्नांत त्याला मानाचं पान मिळायला हवं. उलट ज्या ज्वारीच्या भाकरीला आपण अनादी समजतो ती ज्वारी आफ्रिकेतून आली. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, रताळं, निपाणीचा तंबाखू हे सगळं अमेरिका खंडातलं, गेल्या पाचशे वर्षांत इथे आलेलं. शेतकरी नव्याला घाबरतो असं जे म्हणतात त्यांनी बेळगावच्या मंडईत एकदा उभं राहावं. पदरात काही पडणार असेल तर या माणसांनी नवं पीक नेहमीच घेतलं आहे.

समाज एकाच दिशेने जातो या समजाला सगळ्यात मोठा धक्का पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने दिला. घोड नदीकाठच्या या गावाचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ सांकलिया, धवलीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेल्या या गावात पुढे मोठी चौकोनी घरं होती, पाटाचं पाणी होतं, बार्ली पिकत होती. इसवी सनापूर्वी १००० नंतर चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात, शेती आटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढते. पाऊसमान घटल्याने लोकांनी भटकं जगणं पत्करलं, असं धवलीकरांचं म्हणणं होतं. कारणांबद्दल अभ्यासकांत मतभेद असतील. पण शेतकऱ्याने पुन्हा मेंढपाळ होणं ही अधोगती होती का? पाऊस हटलेल्या काळात बार्लीला चिकटून बसलेला माणूस उपाशी मेला असता. पाणी असेल तिकडे कळप हाकणारा जगला. त्या वेळी शहाणपण कोणाकडे होतं हे उघड आहे.

आणि शेतीची किंमत कोणी मोजली? सुरुवातीच्या अनेक शेतकरी वस्त्यांतले सांगाडे त्यांच्या शिकारी पूर्वजांपेक्षा खुजे आहेत, दात किडलेले आहेत. सीरियातल्या अबू हुरेरा इथे बायकांच्या सांगाड्यांत गुडघे, पाठ आणि पायाच्या अंगठ्यांची हाडं झिजलेली आढळली; रोज तासन् तास गुडघ्यांवर बसून पाट्यावर धान्य रगडल्याचा तो परिणाम. धान्य घरात आलं आणि त्याचं पीठ करण्याचं ओझं बाईवर पडलं. आपल्याकडे ते पहाटेच्या जात्यावर होतं. जात्यावरच्या ओव्यांचं आपण कौतुक करतो, पण ओवी म्हणणाऱ्या बाईचे खांदे किती दुखत असतील हे त्या कौतुकात बुडून जातं. म्हणून मी यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी बाईचे जितके तास मोकळे झाले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असतील. नळ आला, गॅस आला, तेव्हाही तेच. तरी इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात 'गिरणीचं युग' नाही. युगांची नावं ठेवताना लोखंड आणि वाफ आठवते. बाईच्या दिवसातले तास मोजायचं कोणाला सुचलेलं नाही.

शिलकेची गोष्ट आपल्या मातीत ताम्रपटांवर लिहिलेली आहे. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. पाचव्या शतकातले तिथले ताम्रपट वाचले तर त्यात राजांची वंशावळ आहे, देवकार्यासाठी दिलेली शेतं आहेत, निवर्तन या जुन्या मापात मोजलेली जमीन आहे. त्या जमिनीत राबणाऱ्याचं नाव नाही. त्याहून आधी, सातवाहन काळात, आजच्या बेळगावला लागून वडगाव-माधवपूरला नगर वसलेलं होतं. तिथे वाजपेय यज्ञाचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख सापडला. आज त्याच वडगावात, शेजारच्या खासबाग-शहापुरात, यंत्रमागांचा खडखडाट असतो. दोन हजार वर्षं त्या जागेला पोसलं ते भोवतीच्या शेतांनी.

नांगराच्या शेतीने आपल्याला बलुतेदारी दिली, आणि तिचा खरा हिशेब खळ्यावर होई. मळणी झाली, रास पडली की कोणाला पहिलं माप, कोणाला शेवटचं आणि कोणाला खळं झाडून उरेल ते, हे जन्माने ठरलेलं. कातडं कमावणारा ढोर, मोट आणि वहाण शिवणारा चर्मकार यांच्यावाचून शेत भिजलं नसतं, नांगर चालला नसता. तरी रास उचलताना त्यांना लांब उभं राहावं लागे. मोटेला कातडं लागतं हे तंत्र झालं. कातडं कमावणाऱ्याने लांब उभं राहायचं हे कोणत्या तंत्राने सांगितलं? अवजारामुळे समाजरचना आपोआप घडते असं मानणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही.

त्याच हातांनी घडवलेल्या वहाणेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी चपलेचं ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. बेळगाव त्यात आहे, आणि अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ती चप्पल बनवत आले आहेत. बाभळीची साल, हिरडा, कातडं आणि हात यांना राज्याची सीमा लागत नाही. दोन सरकारांना एका कागदावर आणायचं काम इथे चपलेने केलं.

डोंगराकडे वळलं की गोष्ट आणखी वेगळी होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगर आणि कुणबी यांचा अभ्यास केला. माथ्यावर गवळी म्हशी ठेवत, खोऱ्यात कुणबी भात पिकवत. ताक-लोणी खाली येई, धान्य वर जाई. शिकार मुख्यतः कुणब्याची. दोघांनी एकाच रानावर हात मारला नाही म्हणून दोघांना ते रान पुरलं. पूर्वेकडे मेंढपाळ पावसाळ्यानंतर वाडा, म्हणजे आपला तळ, हलवतो, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो, रान खतवतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतो. तो मराठी बोलणारा धनगर असेल तर बिरोबा म्हणेल, कन्नड बोलणारा कुरुब असेल तर बिरप्पा. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला दोघेही जातात. कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात किती चारा असतो, कोणत्या शेतात मेंढरं कधी बसवायची, हे त्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान कोणत्याही कृषी विद्यापीठात पदवीला नाही.

हे सगळं मोडायला सुरुवात झाली ती शिडीच्या कल्पनेनेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वनखात्याने डोंगरातली कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून जागा बदलत केलेली, शेती रानटी आणि नासधूस करणारी ठरवून बंद पाडली. त्याच खात्याने रेल्वेच्या रुळांखालच्या फळ्यांसाठी आणि जहाजांसाठी सागवान तोडलं, त्याला शास्त्रीय व्यवस्थापन म्हटलं. कोणाची कुऱ्हाड रानटी आणि कोणाची शास्त्रीय, हे ज्याच्या हाती दप्तर होतं त्याने ठरवलं.

यंत्रयुग इथे घटप्रभेच्या पाण्यावर आलं. गोकाकच्या धबधब्यावर १८८० च्या दशकात सूतगिरणी उभी राहिली, पाण्याच्या जोरावर चाती फिरू लागल्या. त्याच सुमारास या भागात रेल्वे आली. थोड्याच वर्षांत धुपदाळला बंधारा झाला आणि त्याच नदीचं पाणी कालव्याने शेतात गेलं. १९७० च्या दशकात हिडकलचं धरण झालं. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर त्या जलाशयात गेलं. पाणी ओसरलं की अजून वर दिसतं. ज्यांची जमीन बुडाली आणि ज्यांच्या जमिनीला पाणी मिळालं ते वेगळे लोक होते. खालच्या अंगाला ऊस उभा राहिला. आज जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. ऊसवाल्याच्या घरात पैसा आला, मुलं शिकली, हे मी नाकारत नाही. त्याने ते कष्टाने मिळवलं. पण त्याच उसाच्या फडात बीडकडची कुटुंबं कोयता घेऊन येतात, पालात राहतात, त्यांची मुलं शाळेबाहेर राहतात. पुस्तकातल्या शिडीवर कारखाना सगळ्यात वरच्या पायऱ्यांपैकी. त्या पायरीवर उभं राहायला खाली कोणीतरी पाठ वाकवून उभं लागतं, हे चित्रात काढलेलं नसतं.

निपाणीने तर हे रस्त्यावर उतरून दाखवलं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले, आणि शेवटी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. बियाणं तेच, माती तीच, विडी ओढणारे तेच. भाव कोण ठरवतो एवढ्यावर लढा होता. तंबाखूच्या वखारीत धूळ नाकातोंडात घेत राबणाऱ्या बायकांनीही संघटना बांधून मजुरीसाठी भांडण केलं. पिकात आणि यंत्रात काहीही न बदलता, केवळ एकत्र येऊन, आपला वाटा बदलता येतो हे त्या बायकांना समजलं होतं.

आता लोक विचारतील, मग काय पुन्हा रानात जायचं? नाही. रानात आजारी पडलेल्या बाईला चिखलातून खांद्यावर उचलून आणावं लागतं ही खानापूरच्या जंगलातल्या गावांची आजची स्थिती आहे, आणि तिचं समर्थन कोणी करू नये. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. आतल्या गावांना रस्ता नीट नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि दुसरीकडे बाहेर पडा, भरपाई घ्या असं सांगितलं जातं. तळेवाडीच्या काही कुटुंबांनी ते स्वीकारलं. ज्याला जायचं त्याने जावं, त्याला पुरती भरपाई आणि शेतीजोगी जमीन मिळावी. पण रस्ता आणि दवाखाना अडवून धरायचा आणि मग माणूस आपणहून गेला असं म्हणायचं, हा सौदा अन्यायाचा आहे. दवाखाना नागरिक म्हणून त्याच्या हक्काचा आहे. जगण्याची रीत सोडून देणं ही त्याची किंमत असू शकत नाही. आणि त्याच कणकुंबीच्या पाण्यावर, म्हादईच्या खोऱ्यातून मलप्रभेत वळवायच्या पाण्यावर, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं लवादापुढे भांडली, २०१८ साली निवाडा आला. पण त्या ओढ्याकाठी नाचणी पिकवणाऱ्याला कोणी पक्षकार केलं नाही.

बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या आपल्या सीमालढ्यालाही मला हेच सांगायचं आहे. १९५६ पासून आपण भाषेसाठी लढत आलो, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. हा लढा मला माझा वाटतो. पण भाषा बोलणारा माणूस ज्या गायरानावर, ज्या रानावर, ज्या ओढ्यावर उभा आहे ते हातून गेल्यावर ती भाषा तो कुठे बोलेल? रान सुटलेली खानापूरची मुलं गोव्यात, पुण्यात मजुरीला जातात. गावातलं गायरान वसाहतीला, कधी सरकारी इमारतीला जातं आणि त्यावर मराठी पुढारीही कन्नड पुढाऱ्याइतकाच गप्प असतो, कारण दोघेही त्याच शाळेतलं तेच चित्र पाहून मोठे झालेले असतात.

कायद्यात जागा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाचा सामूहिक चराईचा हक्क मानला आहे, आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्कही. अडचण अशी की अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. खानापूरचे मराठा-कुणबी आणि गवळी धनगर इथेच अडतात, कारण त्यांच्या पणजोबाच्या नावावर उतारा नाही. पण नियमांनी पुरावा फक्त कागदाचा मागितलेला नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, जुनी विहीर चालते, दफनभूमी चालते, देवाची जागा चालते. दावा घेण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने आजवर सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून मोर्चे काढले, ते रास्तच होतं. आता तिचे शिकलेले कार्यकर्ते या वाड्या-वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्यांचे जबाब मराठीत लिहून घेऊ लागले, कुरुबांचे कन्नडमध्ये, आणि ते दावे ग्रामसभेच्या वहीत नोंदवले गेले, तर वनखात्यापुढे हा माणूस पहिल्यांदा हक्कदार म्हणून उभा राहील.